न्यूयॉर्क ते मुंबई, साडेचौदा घंटे

दारातून आत आलेल्या माणसाला ‘बसा’ म्हणण्याआधी घंटेवाले काका विचारायचे, “गेले का आहेत अजून?”

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी हे ऐकलं आणि माझ्या हातातला चहा बशीत सांडला. समोर उभा असलेला माणूस चाळिशीचा होता, शर्टाची बटणं एकाआड एक चुकलेली. तो म्हणाला, “आहेत. पण डॉक्टर म्हणतात...” काकांनी हात वर करून त्याला थांबवलं. “डॉक्टर काय म्हणते ते नका सांगू. भाऊ कुठं हाय ते सांगा.” भाऊ दुबईला होता. काकांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, “उद्या दुपारी चार वाजता तुमच्या दारात. वडिलांले सांगा, चारपर्यंत थांबा म्हणून.” तो माणूस रडावं की हसावं अशा चेहऱ्यानं बसला. तिकीट निघालं. भाऊ दुसऱ्या दिवशी चारला दहा मिनिटं कमी असताना पोचला आणि वडील आणखी दोन वर्षं जगले. पण सगळ्यांचं असं होत नसे.

बडनेऱ्याच्या स्टेशनवर चौकशीच्या खिडकीत काकांची सगळी नोकरी गेली. कुठलंही अंतर ते किलोमीटरमध्ये सांगत नसत, घंट्यांत सांगत. अकोला सव्वा घंटा, भुसावळ सव्वातीन, नागपूर अडीच. लग्नात जेवायच्या पंगतीत कुणी विचारलं तरी घास गिळून उत्तर द्यायचे. त्यावरून त्यांचं नाव घंटेवाले पडलं आणि खरं नाव फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं. पुढे प्रत्येकाच्या हातात फोन आला. काका सांगायचे, “शेवटच्या दोन वर्षांत खिडकीवर येऊन लोक मले एकच गोष्ट इचारत होते. संडास कुठं हाय.” निवृत्त झाल्यावर त्यांनी अमरावतीत एका डॉक्टरांच्या दवाखान्याखाली खोली घेतली आणि विमानाच्या तिकिटांचं ऑफिस टाकलं. विमानाचं लोकांना अजून समजत नाही, तोवर आपलं चालते, असा त्यांचा हिशेब होता.

मी मूळची अकोल्याची, लग्न होऊन अमरावतीला आलेली. मुलगी शाळेत जाऊ लागली तशी मी कामाच्या शोधात होते. कॉम्प्युटरचा कोर्स केलेला होता, तेवढ्या भांडवलावर त्यांच्याकडे गेले. त्यांनी माझा कागद पाहिलाही नाही. “माहेरी कशानं जाता? गाडीनं?” “हो.” “अकोला पॅसेंजरनं किती?” “दोन तास. बोरगावला थांबवून ठेवली तर सव्वादोन.” “या उद्यापासून,” ते म्हणाले. मी त्यांच्याकडे नऊ वर्षं होते. ते मला शेवटपर्यंत शुभाबाई म्हणाले आणि मी त्यांना काका.

ऑफिसात एक पृथ्वीगोल होता आणि त्याच्या शेजारी काकूंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा. मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारं विमान इतकं वर, बर्फाकडून का जातं, असं गिऱ्हाईक विचारत असे. काका दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरत, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणत. तो आपोआप वर सरकून बसायचा. “नकाशा चपटा हाय. जमीन नाई. साडेबारा हजार किलोमीटर, आणि याच्याहून जवळचा रस्ता देवाकडं बी नाई.” लोक दोऱ्याला हात लावून पाहत. कापसाच्या गाठी बघणाऱ्या हातांनी, मळ्यात राबलेल्या हातांनी ते अंतर चाचपत.

परतवाड्याचे एक निवृत्त गुरुजी असेच आले होते. त्यांचा मुलगा सहा वर्षांपासून न्यूयॉर्कजवळ होता आणि त्यांना एकदा जाऊन यायचं होतं. काकांनी सांगितलं, “जाताना सोळा घंटे. येताना साडेचौदा.” गुरुजींना गंमत वाटली. अंतर तेच, मग वेळ वेगळा कसा? “वरती वारा हाय, गुरुजी. तिकून इकडे वाहते. येणाऱ्या विमानाले मागून ढकलते.”

“म्हणजे तिकडून इकडे येणं सोपं!” गुरुजी खूश झाले.

“हो ना. तुमच्या पोराले वारा बी मदत करून राहिला. तरी सहा वर्षं झाले, नाई का?”

गुरुजी हसले. मग त्यांचं हसू चेहऱ्यावरच राहिलं आणि डोळे दुसरीकडे गेले. पिशवी उचलून ते बाहेर पडले, तिकीट न काढता. मी काकांवर चिडले. वयस्कर माणसाला असं बोलायची काय गरज होती? काका दोरा गुंडाळत म्हणाले, “त्याले माहीत होतं, शुभाबाई. मी फकत बोललो.” मी म्हटलं, माहीत असलेलं बोलणं म्हणजेच मारणं. त्यांनी गोल जागेवर ठेवला. संध्याकाळी कुलूप लावताना मात्र म्हणाले, “उद्या त्या गुरुजीले फोन लावजा. जायाचं असन तं मी मुंबईपर्यंत बी हात धरून नेतो म्हणा.” गुरुजी गेले, तीन महिने राहून आले आणि आम्हाला तिकडचे बदाम देऊन गेले.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या म्हाताऱ्यांची ते परीक्षा घेत. ऑफिसातल्या दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकमेकींना चिकटवून त्यात जोडप्याला बसवायचं, समोर तिसरी खुर्ची आडवी लावायची आणि सांगायचं, “सोळा घंटे असंच बसा लागते. अर्धा घंटा बसून दाखवा.” मग ते वर्तमानपत्र वाचत. अचलपूरचे एक आजोबा विसाव्या मिनिटाला उठून बाहेर पान खायला गेले. काकांनी वर न बघता सांगितलं, “पंधरा घंटे चाळीस मिनिटं बाकी हायेत.” सगळं ऑफिस हसलं, आजोबाही. पण त्याच आजोबांसाठी काकांनी आठ चिठ्ठ्या तयार केल्या. एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत: मला चाकाची खुर्ची हवी आहे, मी मांस खात नाही, माझा मुलगा बाहेर उभा आहे. कुठल्या विमानतळावर कुठली चिठ्ठी काढायची त्या क्रमानं त्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातल्या. असली माणसं उतरल्याचा फोन येईपर्यंत काकांना जेवण जात नसे.

काकूंचीही परीक्षा झाली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा नितीन न्यूयॉर्कला होता, बारा वर्षं. काकू रोज दुपारी एक वाजता स्वतः डबा घेऊन यायच्या, आणि त्यांच्या पर्समध्ये पासपोर्ट असायचा. का बाळगता, विचारलं तर म्हणायच्या, “यांचा काय भरोसा, कधी म्हणतील चल.” एकदा माझ्या देखत त्या म्हणाल्या, “अहो, लावा न खुर्च्या माझ्यासाठी बी.” काकांनी लावल्या. काकू पदर सावरून बसल्या, अगदी फोटो काढायला बसावं तशा. बावीस मिनिटं झाली आणि त्यांनी पायांची अढी बदलली, सुजलेल्या घोट्यावरून हात फिरवला. काका म्हणाले, “झालं. नापास. सोळा घंटे तुझ्यानं होत नाई.” काकू हसत उठल्या आणि डबा उघडायला लागल्या. दर वर्षी त्या विचारत आणि दर वर्षी काका त्या बावीस मिनिटांची आठवण देत.

ज्याच्यासाठी लोक काकांना शिव्या देत, ती गोष्ट वेगळीच होती. घरात माणूस गेलं आणि मूल परदेशात असलं, की काका वेळ मोजत आणि पोचण्यात अर्थ नसला तर तिकीट देत नसत. सरळ सांगत, थांबू नका.

माझ्या माहेरच्या ओळखीतलं बार्शीटाकळीचं एक माळी कुटुंब होतं. भाजीचा मळा, दोन भाऊ आणि एक बहीण. बहीण मेलबर्नला नर्स होती. मे महिन्यात त्यांचे वडील गेले. मोठ्या भावानं मला फोन केला, मी तो काकांच्या हातात दिला. काकांनी कागदावर मांडलं. मेलबर्नहून सिंगापूर, तिथे सहा घंटे बसणं, मग मुंबई, मग नागपूर, मग गाडीनं अकोला आणि पुढे बार्शीटाकळी. आत्ता निघाली तर तेहेतीस घंटे, आणि पहिलं विमान सुटायलाच अजून नऊ. अकोल्याचा पारा त्या आठवड्यात पंचेचाळीसच्या वर होता आणि त्यांच्या गावात दिवसातून दोनदा वीज जात होती.

“थांबू नका,” काका म्हणाले. “बर्फ पुरणार नाई. वडिलांचे हाल होतील. पोरीले सांगा, तेरवीले ये.”

भावाला ते सांगणं जमेना. त्यानं बहिणीचाच फोन जोडून दिला. ती रडत होती, ओरडत होती. मी सुटी टाकली, मी बॅग भरली, तुम्ही फक्त तिकीट काढा, म्हणत होती. काका ऐकत राहिले. मग म्हणाले, “बाई, तुमचे वडील आता तुमची वाट पाहून नाई राहिले. घरचे पाहून राहिले, आणि त्यांच्यानं होत नाई. निघू नका.” आणि फोन ठेवला.

ती नसतानाच अंत्यसंस्कार झाले. गावातल्या सगळ्यांनी मान्य केलं की घंटेवाले बोलले ते बरोबर होतं, आणि त्याच सगळ्यांनी पुढे वर्षभर त्यांच्या नावानं बोटं मोडली.

ती मुलगी दीड महिन्यानं आली. ऑफिसात येऊन काकांच्या समोरच्या खुर्चीत बसली. दिसायला साधी, केस मागे घट्ट बांधलेले. काकांनी तिला ओळखलं नाही. “मी बार्शीटाकळीची,” ती म्हणाली. काकांनी हातातला पेन खाली ठेवला.

“तुमचं गणित बरोबर होतं,” ती म्हणाली. “मी तपासलं. मी पोचले नसते. पण मले निघू द्यायला पाहिजे होतं.”

“निघून काय केलं असतं?”

“निघाले असते.”

काकांनी खाली ठेवलेला पेन बाजूला सरकवला. “सिंगापूरच्या विमानतळावर बसून रडले असते,” ती म्हणाली. “पण रस्त्यात असते. तुम्ही मले तिथं, माझ्या खोलीत, भरलेल्या बॅगीवर बसवून ठेवलं.” ती उठली, काकांना नमस्कार केला आणि गेली. काका मला म्हणाले, “चहा सांगा.” चहा आला तो त्यांनी प्यायला नाही.

मला वाटलं, आता हा माणूस मऊ होईल. तो झाला नाही. पुढच्याच महिन्यात त्यांनी आणखी एका घराला ‘थांबू नका’ सांगितलं, त्याच आवाजात.

काकू गेल्या त्या पुढच्या मे महिन्यात. दुपारी एक वाजून गेला तरी डबा आला नाही. दीडला शेजाऱ्यांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात होत्या, डब्याची पिशवी खांद्याला. डॉक्टर म्हणाले, हृदय, क्षणात.

काकांनी सगळ्यात आधी नितीनला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार वाजले होते. त्याचा आवाज मला ऐकू आला नाही, काकांचा आला. “आई गेली रे. तिकडच्या दुपारच्या विमानानं निघ. उद्या दुपारी बाराला मुंबई. संध्याकाळी सातपर्यंत घरी. मी थांबतो.”

मी थांबतो. खोलीतल्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंचे भाऊ, मनोहरमामा, पुढे झाले. “भाऊजी, तीस घंटे होतात. मे महिना हाय.” काका म्हणाले, “मले माहीत हाय किती होतात.” आणि मला ऑफिसात तिकीट काढायला पाठवलं. मी काढलं आणि नितीनला पाठवलं. संध्याकाळी शीतपेटी आली. रात्री नऊच्या सुमारास नितीनचा फोन आला, विमानात बसलो, दार बंद होतंय. काका म्हणाले, “बस. झोपून घे.” आणि ते काकूंपाशी जाऊन बसले.

सकाळी अंगणात माणसं जमली. शीतपेटीची मोटर घरघरत होती आणि दोनदा वीज गेली. लोक हळू बोलत होते, पण इतकंही हळू नाही. “दुसऱ्याच्या घरी बर्फ पुरत नाई, यांच्या घरी पुरते.” “आता कुठं गेले ते घंटे?” काही जण मुद्दाम आले होते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. काका ऐकत होते. मला म्हणाले, “ऑफिसात जाऊन पाहून या. विमान वेळेवर हाय का.”

मी ऑफिस उघडून कॉम्प्युटर लावला. विमान वेळेवर होतं. काळ्या समुद्रावरून पुढे आलेलं दिसत होतं. मग सवयीनं मी नितीनचं तिकीट उघडलं. माणूस विमानात चढला की आमच्या पडद्यावर तिकिटाची नोंद बदलते. नितीनच्या तिकिटाची नोंद बदललेली नव्हती. ते वापरलंच गेलं नव्हतं. मी तीनदा पाहिलं. कंपनीला फोन करून विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “प्रवासी आलेच नाहीत, मॅडम.”

रिक्षानं परत जाताना मी ठरवत होते की काकांना कसं सांगायचं. शेवटी त्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि ते लोकांना सांगत तसंच सरळ सांगितलं. “काका, तो चढला नाही.”

“काय?”

“नितीन विमानात नाही. तिकीट तसंच आहे.”

त्यांनी ओट्याला हात टेकला. तिथे आदल्या दिवशीची पोळ्यांची परात तशीच होती, वर पीठ वाळलेलं. त्यांनी ते नखानं खरवडलं. मग ते सरळ झाले, टोपी घातली आणि अंगणात गेले.

“न्यूयॉर्कहून विमान रद्द झालं,” ते सगळ्यांना म्हणाले. “पोरगं तिथंच अडकलं. मले आत्ता समजलं. माझा हिशेब चुकला. उचला.”

मी दारात उभी होते. या माणसानं इतक्या वर्षांत माझ्यासमोर एका मिनिटाचं खोटं सांगितलं नव्हतं. नितीन विमानात बसलाय हे आदल्या रात्री त्यांनीच सगळ्यांना सांगितलं होतं, त्यामुळे कुणीतरी लगेच म्हणालं, “बसल्यावर रद्द कसं झालं?” काका म्हणाले, “उतरवलं. मशिनीत बिघाड.” मनोहरमामांनी कपाळाला हात लावला. मागून एक जण म्हणाला, “एवढे घंटेवाले, आणि बायकोच्या वेळीच गाडी चुकली.” काकांनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. हो म्हणून.

नितीनचा फोन दुसऱ्या दिवशी आला. काकांनी या वेळी तो कानाला न लावता स्पीकर लावून टेबलावर ठेवला, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“बाबा, मी विमानतळापर्यंत गेलो होतो. मोजलं. तीस तास. मे महिना. तुम्हीच सांगत आलात ना सगळ्यांना, की अशा वेळी निघू नका. लहानपणापासून घंट्यांचाच हिशेब ऐकला. मला वाटलं, तुम्ही थांबणार नाही. तोंडानं म्हणाल, पण थांबणार नाही.”

“मंग बसलो म्हणून कावून सांगितलं?”

“मला तुम्हाला नाही म्हणता आलं नाही,” नितीन म्हणाला.

“मी थांबलो होतो,” काका म्हणाले. त्यांनी फोन बंद केला आणि मला विचारलं, आज कोणकोणती तिकिटं आहेत. त्या दिवशी एकही नव्हतं.

नितीन दहाव्या दिवशी आला आणि पाच दिवस राहिला. तेरवीच्या पंगतीत एका शेजाऱ्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “विमानानं घात केला रे बाबू तुझा.” काका वरण वाढत होते. नितीननं वडिलांकडे पाहिलं, मग पानाकडे. “हो,” म्हणाला. काकांनी त्याच्या पानात वरण वाढलं आणि पुढे गेले.

त्यानंतर ऑफिस ओसरत गेलं. बायकोच्या वेळी ज्याचा हिशेब चुकला, त्याचं कोण ऐकणार? लोक नागपूरच्या एजंटांना फोन करू लागले. काही जण फक्त बघायला यायचे, हा माणूस आता कसा दिसतो ते. एकदा मी म्हटलं, “काका, खरं सांगून टाका. तुमचं गणित बरोबर होतं.” ते माझ्यावर ओरडले. एकदाच ओरडले, पण असं की वरच्या दवाखान्यातून कंपाउंडर खाली आला. “पोराचं नाव घ्यायचं नाई. कोणापाशीच नाई.”

अमरावतीच्याच बेलोरा विमानतळावरून मुंबईचं विमान सुरू झालं तेव्हा ते मला घेऊन बघायला गेले. कुंपणाबाहेर बरीच गर्दी होती, बायका लहान मुलांना कडेवर घेऊन उभ्या. विमान उतरलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका कुंपणाच्या तारेला धरून उभे होते. म्हणाले, “ती बसली असती, शुभाबाई.” मला आधी समजलं नाही. “बावीस मिनिटं म्हणजे काही कमी नाई. मधात उठून चालता येते. सगळेच चालतात विमानात. मी तिले ते सांगितलंच नाई.” त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला आणि परतीच्या रिक्षासाठी भाव करायला लागले.

ते या जानेवारीत गेले. न्यूमोनिया झाला होता, चार दिवस दवाखान्यात होते. एका दुपारी तीनच्या सुमारास मी मोसंबीचा रस घेऊन गेले, तर नर्स चादर सारखी करत होती.

घरी माणसं जमली आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले. मनोहरमामा म्हणाले, “शुभाताई, नितीनले तुमीच फोन लावा. थांबायचं की नाई, ते तुमाले समजते.” मी अंगणात जाऊन फोन लावला. तिकडे पहाट होती. त्यानं लगेच उचलला, जणू हातातच होता.

मी सांगितलं. किती वाजता, ते त्यानं विचारलं. मग म्हणाला, “ताई, मी आत्ता निघालो तर पोचेन?”

मी नऊ वर्षं त्या टेबलावर काढली होती, मला कागदही लागला नाही. तिकडचं दुपारचं विमान त्याला मिळत होतं. साडेचौदा घंटे. दुसऱ्या दिवशी दुपारी एकला मुंबई, पाचला नागपूर, रात्री आठला दारात. जानेवारी होता. अंगणात मी स्वेटर घालून उभी होते. वीज जात नव्हती, शीतपेटी मिळत होती, घाई करणारं कुणी नव्हतं. तो पोचत होता, आणि हातात वेळ राखून पोचत होता.

“नाही पोचत,” मी म्हटलं. “निघू नका.”

“नक्की?”

“नक्की.”

“बरं,” तो म्हणाला. त्या एका शब्दात रडू होतं की सुटका होती, हे मला आजही ठरवता येत नाही. तेव्हा मी ठरवलं होतं की सुटका आहे, आणि फोन ठेवला. आत जाऊन मामांना सांगितलं, त्याला जमत नाही. लोकांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मामांनी अग्नी दिला. चिता पेटली तेव्हा माझ्या मनात आलं की काका थांबले असते. त्यांनी मला हे काम सांगितलं नव्हतं. उलट, विचारलं असतं तर त्यांनी हात जोडून सांगितलं असतं, त्याला येऊ द्या म्हणून. मी काकूंच्या पासपोर्टाचा, अंगणातल्या त्या हसणाऱ्या तोंडांचा, त्या एका खोट्याचा सूड घेतला होता, आणि तो काकांच्याच अंगावर पडला होता.

दुपारी मी ऑफिस उघडलं. आवरायचं होतं, खोली महिनाअखेर सोडायची होती. कॉम्प्युटर लावला आणि नितीनला मिळत होतं ते विमान शोधलं. त्या दिवशी वरचा वारा जोराचा असावा. ते मुंबईला अठरा मिनिटं आधी उतरलं.